तीन साधे इंग्रजी शब्द

आपल्या निवासी विद्यालयाच्या सभागृहात ‘एज्युकेट, ॲजिटेट, ऑर्गनाईज’ ही त्रिसूत्री ठळक अक्षरांत लिहिलेली आहे. विद्यार्थ्यांच्या कित्येक तुकड्या ती वाचूनच येथून बाहेर पडल्या. इतिहास शिकविताना आम्ही मुलांना या शब्दांचे अर्थ विचारतो. पहिल्या आणि तिसऱ्या शब्दाचे उत्तर तत्काळ येते. मधल्या शब्दाला मात्र कोणी ‘मोर्चा’ म्हणतो, कोणी ‘दगडफेक’, तर कोणी मान खाली घालतो. महामानवाने दिलेल्या तीन शब्दांपैकी एका शब्दाची आपल्याच लेकरांना भीती वाटावी, ही चिंतेची बाब आहे. म्हणूनच हा लेखनप्रपंच.

एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात इंग्लंडमधील समाजवादी चळवळीत हे तीन शब्द रूढ होते. जुलै १९४२ मध्ये नागपूर येथे भरलेल्या अखिल भारतीय दलित वर्ग परिषदेत परमपूज्य बाबासाहेबांनी आपल्या समाजाला अखेरचा उपदेश म्हणून तेच शब्द दिले. मराठीत ते ‘शिका, संघटित व्हा, संघर्ष करा’ असे रुजले आणि त्या घोषणेने पिढ्या घडविल्या. परंतु मूळ इंग्रजीत ‘ॲजिटेट’ हा शब्द दुसरा आहे; संघटनेच्या आधीचा आहे. हा क्रम समजून घ्यायचा, तर शब्दांच्या साध्या अर्थाकडेच जावे लागते.

‘एज्युकेट’ या शब्दाच्या मुळाशी लॅटिन भाषेतील संगोपनाचा, वाढविण्याचा अर्थ आहे. ‘ॲजिटेट’ म्हणजे हलविणे, ढवळणे. प्रयोगशाळेत द्रावण ढवळण्यालाही हाच शब्द वापरतात. ‘ऑर्गनाईज’मध्ये ‘ऑर्गन’ आहे, म्हणजे अवयव. सुटे अवयव जोडून एक देह उभा करणे, ते संघटन.

भंडारा जिल्ह्यातील धानकऱ्याच्या मुलाला याहून अधिक सांगावे लागत नाही. आधी पऱ्हे टाकून ते जपायचे, मग बांधीत चिखलणी करायची आणि त्यानंतर रोवणी. घट्ट जमिनीत कोणी रोवणी करीत नाही. माणसाचे मनही तसेच आहे. शिक्षणाने जे कळले, त्याने आधी मन ढवळून निघाले पाहिजे. ‘हे असेच चालायचे’ ही शतकांची घट्ट झालेली समजूत फुटली पाहिजे. त्याविना उभी राहिलेली संघटना ही केवळ गर्दी होय.

येथे एखादा चौकस विद्यार्थी विचारतो, “सर, तथागत तर चित्त शांत ठेवायला सांगतात, मग बाबासाहेब ते ढवळायला का सांगतात?” प्रश्न रास्त आहे. त्याचे उत्तर पाली भाषेतच आहे. दुःखाचे दर्शन होताच मनाला जो हादरा बसतो आणि जो माणसाला मार्गाकडे वळवितो, त्याला धम्मात ‘संवेग’ म्हणतात. ‘बुद्ध आणि त्यांचा धम्म’ या ग्रंथात बाबासाहेबांनी सिद्धार्थाच्या गृहत्यागाचे कारण रोहिणी नदीच्या पाण्यावरून शाक्य आणि कोलिय यांच्यात उद्भवलेल्या संघर्षात दाखविले आहे. हातात शस्त्र घेण्यास नकार देणारे ते ढवळलेले मनच होते. म्हणजे ‘ॲजिटेट’ हा दगड उचलण्याचा आदेश नाही; दगड झालेल्या मनाला पाझर फोडण्याचा आहे.

पालकांना आणि माजी विद्यार्थ्यांना आमची एकच विनंती आहे. इंग्रजी म्हणजे केवळ गुणपत्रिकेतील एक विषय नव्हे. घरी येणारी नोटीस, दाखला, करारनामा यांतील एकेका साध्या शब्दाचा अर्थ न कळल्याने आपल्या माणसांची किती अडवणूक होते, हे आपण जाणतोच. मुलांना शब्द पाठ झाला, यावर समाधान मानू नका. “याचा अर्थ काय? तो आपल्या जगण्यात कुठे लागतो?” एवढे विचारा. अर्थ विचारणारे मूल पुढे हक्कही विचारील. बाबासाहेबांचे शब्द भिंतीवरून मनात उतरतील, ते त्याच वाटेने.

नमो बुद्धाय! जय भीम!