कानांची चाळिशी

डोळ्यांना चाळिशी लागली तेव्हा माझ्याकडे कुणी प्रमाणपत्र मागितलं नव्हतं. कानांना लागली, म्हणजे चाळीस टक्के, हे कागदावर यायला मात्र दोन वर्षं गेली.

सरकारी कार्यालयात मी आवक-जावकला होते, फोन माझ्याच टेबलावर. आधी डावा कान गेला, मग उजवाही कुरकुरू लागला. समोरच्याचे ओठ बघून मी निभावून न्यायचे. मास्क आले आणि ओठही गेले. एकदा एकोणतीस तारखेची बैठक मी एकोणीस म्हणून कळवली. साहेबांनी बोलावलं आणि जरा चढ्या आवाजात, पण आपुलकीनंच म्हणाले, "बाई, स्वेच्छानिवृत्तीचा विचार करा." मी बावन्न वर्षांची, निवृत्ती अठ्ठावन्नला, आणि मुलीचं शिक्षण अजून चालू.

संघटनेतल्या एका सहकाऱ्यानं चिठ्ठीवर लिहून दिलं : '2016 चा दिव्यांग हक्क कायदा, कलम 20(4)'. नोकरीत असताना अपंगत्व आलं तर सरकारला माणूस काढता येत नाही, हुद्दाही उतरवता येत नाही. झेपेल असं काम त्याच वेतनश्रेणीत द्यावं लागतं. पण आधी दिव्यांग ठरायला हवं ना! स्वावलंबन पोर्टलवर अर्ज भरला, तपासणीसाठी ससून रुग्णालय निवडलं.

ध्वनिबंद खोली, कानांवर हेडफोन, हातात बटण. "आवाज आला की दाबा." मी जन्माची अभ्यासू मुलगी, परीक्षा म्हटली की उत्तर आलंच पाहिजे. आवाज आला-न आला, मी दाबतेय. चाचणी घेणारी मुलगी आत आली आणि माझ्यासमोर येऊन सावकाश म्हणाली, "ताई, अंदाज नका बांधू." तीस वर्षं अंदाजावरच तर संसार आणि नोकरी केली होती.

उजवा कान 56 डेसिबल. कायद्याला दोन्ही कानांत किमान 60 लागतात. डावा 75 च्या पुढे गेलेला असून उपयोग नाही, कारण टक्केवारी काढताना बऱ्या कानाचे टक्के पाचपट धरतात, त्यात वाईट कानाचे मिळवतात आणि सहानं भागतात. थोडक्यात, बरा कानच माझ्यावर उलटला होता. घरी येऊन मी त्याच्यावर रागावलेही. ह्यांनी काहीतरी विनोद केला, तो ऐकू आला नाही.

2024 मध्ये पुन्हा गेले. तेव्हा पुण्यातल्या एका प्रशिक्षणार्थी अधिकाऱ्याच्या दिव्यांग प्रमाणपत्राचं प्रकरण देशभर गाजत होतं. त्यामुळे ऑफिसात मी 'काय?' म्हटलं की दोघी एकमेकींकडे बघायच्या. माझी पाठ वळली की कुणी हळूच हाक मारून बघायचं. वाईट वाटायचं, पण हाका मारल्याचं कळायचं ते शिपायानं सांगितल्यावर, हा त्यातला विनोद. या खेपेला बेरा नावाची चाचणीही झाली. त्यात बटण नसतं, डोक्याला तारा लावून मेंदूपर्यंत काय पोचतं ते यंत्रच टिपतं. फार बरं वाटलं. उजवा 64 निघाला. कान आणखी गेल्याचे पेढे वाटावेत का, यावर आम्ही दोघं बराच वेळ गप्प बसलो.

दिव्यांग कार्ड पोस्टानं आलं, पिवळं. शेजारणीला वाटलं रेशनकार्ड! एसटीत बायकांना 2023 पासून अर्धं तिकीट आहेच, या कार्डावर पाव. जुन्या पद्धतीनं कर भरला तर 75,000 ची वजावट. रेल्वेची सवलत नाही. ती ऐकू आणि बोलता दोन्ही न येणाऱ्यांना. मला बोलता येतं, जरा जास्तच.

आता मी अभिलेख कक्षात आहे. हुद्दा तोच, पगार तोच, फोन नाही. शिपाई मला हाक मारत नाही. दारातून ट्यूबलाइटची दोनदा उघडझाप करतो. पहिल्या आठवड्यात मला वाटलं, लाइट जाताहेत, म्हणून मी उठून फायली आवरायला घेतल्या. तो दारात उभा, हातात चहा.