पूर्वेचा राखणदार

चीनच्या हनान प्रांतातील पूयांग येथे १९८७ साली एक अतिप्राचीन थडगे उघडले गेले. सुमारे सहा हजार वर्षांपूर्वीच्या त्या सांगाड्याच्या पूर्वेस शिंपल्यांनी मांडलेला ड्रॅगन होता, पश्चिमेस वाघ. ते आकाशाचेच चित्र होय, असे काही संशोधक मानतात. सर्वांना ते पटलेले नाही. इ. स. पू. पाचव्या शतकातील त्सेंग राज्याच्या यी या अधिपतीच्या थडग्यात मिळालेल्या लाखकामाच्या पेटीविषयी मात्र शंकेला जागा उरत नाही. तिच्या झाकणावर मध्यभागी सप्तर्षींचे अक्षर, त्याभोवती अठ्ठावीस चांद्रनक्षत्रांची नावे, आणि दोहों बाजूंस ड्रॅगन व वाघ.

हा ड्रॅगन म्हणजे छिंगलोंग, पूर्व दिशेचा आणि वसंताचा रक्षक. ‘छिंग’ म्हणजे हिरवा की निळा, हा प्रश्न प्राचीन चिनी भाषेला फारसा पडत नसे. कोवळ्या गवताला आणि निरभ्र आकाशाला तिने एकच शब्द दिला. त्याचा देह सात नक्षत्रांचा: शिंग, मान, मूळ, दालन, हृदय, शेपूट आणि सूप. भारतीय ज्योतिषातील चित्रेचा तारा हा त्याच्या शिंगात, ज्येष्ठेचा तांबडा तारा हृदयात. भारतीय परंपरेने हे तारे सुटे सुटे पाहिले. चित्रा तिला मोती वाटली, ज्येष्ठा कुंडल. चिनी दृष्टीने त्यांतून एक सळसळता प्राणी ओवला. गंमत अशी, की चिनी शेपटीच्या जागी असलेले मूळ नक्षत्र भारतीय ग्रंथांतही शेपूटच आहे, सिंहाचे. राहता राहिले सूप. ते ड्रॅगनच्या देहात विजोड दिसते खरे. पण हे नक्षत्र चीनमध्ये वाऱ्याचे मानले गेले, आणि वाऱ्यावाचून धान्य उफणता येत नाही, हे कोणत्याही खळ्यावर ठाऊक असते.

या रक्षकाची राखण शस्त्राची नव्हती. हिवाळ्यातील सायंकाळी तो क्षितिजाखाली दडलेला असे. वसंतारंभी त्याचे शिंग पूर्वेला वर येई, उन्हाळ्यात सारा देह दक्षिण आकाशात पसरे, आणि शरदात तो पश्चिमेस बुडे. इ. स. १००च्या सुमारास शू शन याने रचलेल्या शब्दकोशातही ड्रॅगन वसंतसंपाती आकाशात चढतो व शरदसंपाती डोहात उतरतो, असे नोंदले आहे. शेतकऱ्याला याहून वेगळे पंचांग कशाला हवे होते?

दुसऱ्या चांद्रमासाच्या द्वितीयेला ‘ड्रॅगन मान वर करतो’ हा सण त्यातूनच आला. परंतु अयनचलनाने तारे सुमारे बहात्तर वर्षांत एक अंश सरकतात. दोन हजार वर्षांत ही चूक महिन्याच्या जवळ गेली. आज त्या तिथीला तिन्हीसांजेस पूर्वेकडे पाहणाऱ्याला शिंग दिसत नाही. चांगली रात्र होईतो थांबावे लागते. सणाला त्याचे काही नाही. त्या दिवशी केस कापणे शुभ, म्हणून सकाळपासूनच न्हाव्यांच्या दुकानांपुढे मुलांना घेऊन माणसे उभी असतात.