राखणदार

इंग्लंडमध्ये मोटार विकत घेतली की काही दिवसांनी सरकारकडून एक कागद येतो. त्यावर गाडीचा क्रमांक, रंग, इंजिनाची क्षमता आणि घेणाऱ्याचे नाव असते. परंतु त्या नावाला 'मालक' म्हटलेले नसते. तेथे शब्द असतो 'रजिस्टर्ड कीपर', म्हणजे नोंदलेला राखणदार. हा कागद मालकीचा पुरावा नव्हे, असेही त्यावर स्पष्टपणे छापलेले असते. गाडीचा कर कोणी भरायचा आणि तिच्याविषयी जाब कोणाला विचारायचा, एवढ्याशीच सरकारला कर्तव्य असते. यापूर्वी किती राखणदार होऊन गेले, तो आकडाही त्यावर असतो. एखाद्या सरकारी कागदाने मनात घर करावे असे क्वचितच घडते. या कागदाने ते केले, आणि त्याला निमित्त झाली एक जुनी इंग्रजी मोटार.

२०१३ पासून तीन वर्षे ऑक्सफर्डच्या दक्षिणेकडील एका छोट्या धर्मग्रामात साहाय्यक धर्मगुरू म्हणून राहण्याचा योग आम्हांला आला. तेथील एक वयस्क गृहस्थ रोज सकाळच्या मिस्साला येत. वयाच्या पंधराव्या वर्षी शाळा सोडून ते जवळच्या ॲबिंग्डन गावातील एम. जी. मोटारींच्या कारखान्यात लागले होते आणि कारखाना बंद होईपर्यंत, म्हणजे १९८० पर्यंत, तेथेच होते. गाड्यांत आसने आणि आतले अस्तर बसविणे हे त्यांचे काम. हजारो गाड्या त्यांच्या हातांखालून गेल्या, पण घर आणि तीन मुले यांचा संसार ओढताना त्यांतली एकही त्यांच्या दाराशी आली नाही. 'मुले मोठी झाली की आपण अशाच गाडीतून रोमला जाऊ,' असे त्यांची पत्नी म्हणे. त्यासाठी ती आठवड्याच्या खर्चातून थोडे थोडे बाजूला टाकीत असे. २०११ साली ती वारली. पैसे बँकेत तसेच राहिले.

एके दिवशी मिस्सानंतर त्यांनी आम्हांला विचारले, "फादर, तिच्या त्या पैशांतून मी आता जुनी गाडी घेतली तर ते पाप होईल का? मुलगा म्हणतो, म्हातारचळ लागला आहे."

प्रश्न सरळ होता. उत्तर तितके सरळ नव्हते. आम्ही वसईचे. मोटार म्हणजे काय, हे आम्ही आमच्या गावांत पाहिले आहे. लग्नाच्या वरातीत कोणाची गाडी पुढे, वाडी विकून आलेल्या पैशांत कोणी कोणती गाडी घेतली, यावर रंगलेल्या चर्चा आमच्या कानांवर आहेत. चैनीविरुद्ध आम्ही प्रवचनेही दिली आहेत. परंतु समोरच्या माणसाच्या डोळ्यांत चैनीची भूक दिसत नव्हती. आम्ही त्यांना म्हटले, "गाडी पाहायला जाल तेव्हा आम्हांलाही बरोबर न्या." उत्तर पुढे काळाने दिले.

त्यांना हवी होती ती 'एम. जी. बी. जी. टी.' यातली 'जी. टी.' ही अक्षरे 'ग्रान तुरिस्मो' या इटालियन शब्दांची. लांबच्या प्रवासाला वेगाने, पण आरामात, सामानासकट नेणारी गाडी असा त्यांचा अर्थ. या कल्पनेचे मूळ मोटारीहून जुने आहे. सतराव्या-अठराव्या शतकांत इंग्लंडमधील धनिकांची मुले शिक्षण पुरे करण्यासाठी फ्रान्समार्गे इटलीच्या दीर्घ सफरीवर जात. तिला 'ग्रँड टूर' म्हणत. ज्या देशाने धर्माच्या बाबतीत रोमशी काडीमोड घेतला, त्याच देशाच्या उमरावांची पोरे माणूस बनण्यासाठी रोमलाच जात, याची आम्हांला नेहमी गंमत वाटते. विसाव्या शतकात इंग्रजांनी या सफरीसाठी ॲस्टन मार्टिन, जेन्सन, ब्रिस्टल अशा अत्यंत उंची गाड्या बनविल्या. १९६३ ते १९६५ या काळातील ॲस्टन मार्टिन डी. बी. ५ ही जेम्स बाँडच्या चित्रपटामुळे जगभर ठाऊक झाली. ती हजाराच्या आसपासच बनली आणि आज तिला संग्राहक कुबेराची किंमत मोजतात. एम. जी. बी. जी. टी. ही त्याच कुळातली, पण साध्या घरची मुलगी. १९६५ साली ती बाजारात आली. उघड्या टपाच्या गाडीवर इटलीतील पिनिनफारिना या नामांकित कारागिरांच्या मदतीने सुबक छत बसविले, मागे वर उघडणारे दार दिले, आणि शिक्षक, कारकून, परिचारिका यांनाही परवडेल अशी प्रवासी गाडी तयार झाली. १९८० पर्यंत अशा सुमारे सव्वा लाख गाड्या बनल्या.

ॲबिंग्डनची कहाणी मात्र दुःखाची आहे. सुटे भाग बाहेरून येत आणि येथे हातांनी जोडले जात. सप्टेंबर १९७९ मध्ये गावाने कारखान्याची पन्नाशी साजरी केली. त्या उत्सवाच्या पाठोपाठ सोमवारी, १० तारखेला, कारखाना बंद करण्याचा निर्णय जाहीर झाला. आमचे गृहस्थ त्याविषयी फारसे बोलत नसत. "आम्ही बँडमागून चाललो होतो, फादर," एवढेच एकदा म्हणाले.

गाडी शोधताना आम्ही त्यांच्यासोबत दोन ठिकाणी गेलो, आणि जुनी गाडी कशी पारखावी याचा एक पाठच आम्हांला मिळाला. पहिली गाडी लाल, नव्या रंगाने लखलखणारी होती. आम्हांला ती फार आवडली. गृहस्थांनी खिशातून एक छोटे लोहचुंबक काढले आणि दारांच्या खालच्या कडेला लावले. ते चिकटेना. तेथे पत्रा नव्हताच. पुट्टी भरून वर रंग दिलेला होता. या गाडीला वेगळी चौकट नसते, तिचे अंगच सगळा भार पेलते. दाराखाली लांब पेटीसारखा जो भाग असतो, त्याला 'सिल' म्हणतात. तो या गाडीचा कणा. त्याच्या आत आणखी एक पत्रा दडलेला असतो. बाहेरून नवी पट्टी जोडता येते आणि आतला गंज सुखाने वाढत राहतो. अशी गाडी जॅकने उचलली तर कधी कधी दार अडकू लागते, कारण अख्खे अंगच वाकत असते. "इंजिन कसेही असो, ते दुरुस्त होते," गृहस्थ म्हणाले, "आधी अंग पाहायचे." चुना लावलेल्या कबरींची उपमा आम्हांला तेथेच, त्या अंगणात, आठवली.

दुसरी गाडी १९७२ सालची, गडद निळी, रंग विटलेला, आसनांची कातडी तडकलेली. पण चुंबक सर्वत्र घट्ट चिकटले. शिवाय विकणाऱ्याने एक जाडजूड फाइल पुढे ठेवली. चाळीस वर्षांत जे जे काम झाले त्याची बिले, कोणाच्या तरी सुवाच्य अक्षरात लिहिलेली तेल बदलल्याची टिपणे, कोणा बाईने स्कॉटलंडच्या प्रवासात नोंदलेला पेट्रोलचा हिशेब. गृहस्थ ती फाइल तासभर वाचीत बसले. गाडीच्या आधीच्या राखणदारांची ओळख करून घेत होते ते. एखाद्या साध्या नव्या मोटारीच्या निम्म्याहूनही कमी पैशांत व्यवहार झाला.

टप्पर उघडले तेव्हा आम्हांला आपल्या घरचे माणूस भेटल्यासारखे झाले. लहानपणी दृढीकरणासाठी महागुरू आमच्या गावी येत, ते अँबेसेडरमधून. चालक पाणी घालायला तिचे बॉनेट उघडी, तेव्हा आम्ही मुले भोवती गोळा होत असू. मॉरिस ऑक्सफर्ड या गाडीवरून बेतलेल्या त्या अँबेसेडरमध्ये १४८९ घनसेंटिमीटरचे जे 'बी' मालिकेचे इंजिन वर्षानुवर्षे होते, त्याचाच १७९८ घनसेंटिमीटरचा थोरला भाऊ या निळ्या गाडीत बसला होता. तीच ठेवण, तोच घोगरा आवाज. एम. जी. ही अक्षरेही 'मॉरिस गॅरेजेस'चीच. योगायोग असा की पुढच्याच वर्षी, मे २०१४ मध्ये, बंगालच्या उत्तरपाड्यात अँबेसेडरचे उत्पादन थांबले. ते वृत्त आम्ही त्यांना सांगितले, तेव्हा त्यांनी क्षणभर टोपी काढली.

गाडी घेणे हा एका दिवसाचा सोहळा. ती राखणे हे रोजचे व्रत. दर काही दिवसांनी दोन्ही कार्ब्युरेटरांच्या नळकांड्यांत थोडे तेल घालायचे. पुढच्या चाकांच्या सांध्यांत ग्रीस भरायचे. सिलच्या पोकळीत मेण फवारायचे. ब्रिटनमध्ये शिसेयुक्त पेट्रोलची विक्री १९९९ च्या अखेरीस थांबली. म्हणून इंजिनाच्या झडपांखाली कठीण धातूच्या कड्या बसवून घेतलेल्या आहेत की नाहीत, हे पाहायचे. आणि हिवाळ्यात गाडी बाहेर काढायची नाही, कारण बर्फ वितळावे म्हणून तेथे रस्त्यांवर मीठ टाकतात. मीठ लोखंडाचे काय करते, हे मिठागरांच्या शेजारी वाढलेल्या आम्हांला कोणी सांगायला नको होते. घरातील खिडक्यांचे गज आम्ही दर पावसाळ्याआधी रंगवीत आलो आहोत.

सुटे भाग मात्र सहज मिळतात. गाडीचे अंग ज्या मूळ साच्यांतून निघे, ते जपून ठेवले गेले होते आणि १९८८ पासून त्या साच्यांतून पुन्हा नवी अंगे बनू लागली. कारखाना गेला, साचे राहिले. कोणीतरी ते भंगारात जाऊ दिले नाहीत, म्हणूनच आज हजारो गाड्या रस्त्यावर आहेत.

ती निळी गाडी त्यांनी काचेच्या कपाटात ठेवल्यासारखी ठेवली नाही. रविवारी ते एका अंध विधवेला तिच्या घरून मिस्साला आणीत. पहिल्या शुक्रवारी आजाऱ्यांना पवित्र ख्रिस्तशरीर देण्यासाठी आम्ही त्यांच्या शेजारी बसून जात असू. आसन इतके खाली की रस्ता बुडाला घासतो की काय असे वाटे. पायांशी इंजिनाची ऊब, नाकाशी पेट्रोलचा मंद वास, आणि आमच्या छातीशी पवित्र साक्रामेंत. ते अशा वेळी एक शब्दही बोलत नसत आणि गिअरही असा बदलीत की धक्का जाणवू नये.

रोमला ते गेले नाहीत. "तिच्याशिवाय नको," म्हणाले. त्याऐवजी २०१५ च्या मे महिन्यात आम्ही दोघे वॉल्सिंगहॅमला गेलो. पवित्र मरियेचे हे तीर्थक्षेत्र सुमारे दीडशे मैलांवर आहे. आठव्या हेन्रीच्या काळात, १५३८ मध्ये, तेथील पुरातन मंदिर उद्ध्वस्त झाले. गावाबाहेर मैलभर अंतरावर असलेले छोटे 'स्लिपर चॅपल' तेवढे उभे राहिले, पण त्याचे धान्याचे कोठार आणि गोठा झाला. शार्लट बॉइड या बाईंनी १८९६ साली ते विकत घेतले, डागडुजी केली आणि स्वतःच्या नावावर न ठेवता बेनेडिक्टाइन मठाला देऊन टाकले. १९३४ पासून ते इंग्लंडच्या कॅथलिकांचे राष्ट्रीय तीर्थस्थान आहे. यात्रेकरू तेथे जोडे काढून शेवटचा मैल अनवाणी चालत, अशी परंपरा सांगतात. गृहस्थांनी गाडी कुंपणाशी उभी केली, बूट आसनाखाली ठेवले आणि पत्नीची जपमाळ हातात घेऊन चालू लागले. आम्हीही मागोमाग चाललो.

त्या मैलावर त्यांच्या जुन्या प्रश्नाचे उत्तर आम्हांला थोडेफार उमगले. वस्तू घेण्यात पाप आहे की नाही, हे तिच्या किमतीवरून ठरत नाही. कोट्यवधींची गाडी कुलपात ठेवून भाव वाढण्याची वाट पाहणाराही तिचा धनी, आणि चिंधी हातात घेऊन तिचा गंज पुसणाराही. पण पहिल्याला वस्तूकडून काहीतरी हवे असते. दुसरा वस्तूला काहीतरी देत असतो, आणि ती दुसऱ्यांच्या उपयोगी पडावी यासाठी तिला चालती ठेवतो. शुभवर्तमानातील कारभाऱ्यांना हिशेब विचारला जातो तो सोपवलेल्याचा. गृहस्थांना आम्ही एवढेच म्हटले, "तुमच्या पत्नीचे पैसे वाया गेले नाहीत." ते म्हणाले, "तिला हा रस्ता आवडला असता."

आम्ही परतल्यावर पत्रव्यवहार चालू राहिला. नाताळाच्या पत्रात गाडीची खबर असेच. २०२१ मध्ये तेथे साध्या पेट्रोलमध्ये दहा टक्क्यांपर्यंत इथेनॉल मिसळू लागले. ते जुन्या रबरी नळ्यांना मानवत नाही, म्हणून महागडे पेट्रोल घ्यावे लागते, ही तक्रार त्यांनी दोन पाने भरून लिहिली होती. पुढच्या वर्षीचे पत्र मात्र त्यांच्या नातीच्या हस्ताक्षरात आले. इंग्लंडमध्ये गाडी चालविणाऱ्याला वीस मीटरवरून दुसऱ्या गाडीच्या क्रमांकाची पाटी वाचता यावी लागते. आजोबांनी अंगणात आपल्याच गाडीपासून मोजून वीस मीटर पावले टाकली, वळून पाहिले, आणि पाटी वाचता येईना. त्यांना तो क्रमांक तोंडपाठ होता. तो म्हणून दाखवून ते मोकळे झाले असते. ते घरात गेले आणि परवाना परत पाठवण्याचे पत्र नातीला सांगून लिहविले.

मुलाने गाडी विकण्याचे सुचविले. किंमत चांगली येत होती. त्यांनी ती नातीच्या नावे केली. लहानपणी रात्री त्यांच्यासाठी बॅटरी धरून उभी राहणारी तीच.

आम्हां धर्मगुरूंनाही हे नवे नाही. दर काही वर्षांनी बदलीचे पत्र येते. बाप्तिस्म्याच्या आणि लग्नांच्या नोंदवह्या, तिजोरीच्या किल्ल्या, गळणाऱ्या छपराची कथा आणि माणसांची सुखदुःखे, सगळे येणाऱ्याच्या हाती द्यायचे आणि निघायचे. आपण लावलेला आंबा दुसऱ्याच्या कारकिर्दीत मोहरतो. आपल्या घरांतील वाड्या, विहिरी, आजीची पेटी यांचेही तसेच आहे. सातबाऱ्यावर नाव आपले असते, तेवढ्यापुरते.

नातीने पत्राच्या शेवटी लिहिले होते की, आजोबा आता शेजारच्या आसनावर बसतात आणि डोळे मिटून ऐकतात. पहिल्याच फेरीला वेग वाढविताना गाडी किंचित अडखळली, तेव्हा ते म्हणाले, "पुढच्या कार्ब्युरेटरात तेल कमी आहे." तिने उतरून पाहिले. खरेच कमी होते.