मुका अशील

वकिलाच्या दारात नाना प्रकारचे अशील येतात. काही इतके बोलतात की त्यांच्या बोलण्यातून खटला वेगळा काढावा लागतो; काही इतके कमी बोलतात की खटला आपणच शोधावा लागतो. परंतु ज्याला वाचाच नाही असा अशील गेल्या पावसाळ्यात माझ्या घरातच निघाला. नाव चिंगी, जात माल्टीज, वय सात महिने, वजन सव्वादोन किलो. आणि मालकीण माझी अकरा वर्षांची कन्या.

जेवण झाले की तासा-दोन तासांनी चिंगी सुस्त होई. तोंडातून लाळ गळे, उगाच गोल फिरे, आणि मग भिंतीला डोके टेकून निश्चल उभी राही. घरात तिच्या या ‘ध्याना’चे प्रथम कौतुक झाले. पण मुलीने वहीत रोजचे टिपून ठेवले होते, आणि त्या टिपणांवरून एक गोष्ट स्पष्ट झाली: ज्या दिवशी मासळी वा मटण, त्या दिवशी ध्यान अधिक. शेजारच्या आजींनी कावीळ असेल म्हणून डोळे पाहिले. ते स्वच्छ पांढरे होते. आजींच्या मते त्यामुळे काळजाचा प्रश्नच मिटला.

डॉक्टरीणबाईंच्या मते मात्र तो तेथेच सुरू झाला. रक्ताचा अहवाल आला. यकृताच्या पेशींना इजा झाली की एएलटी नावाचे विकर रक्तात वाढते. ते किंचित वाढले होते. एएलपी हेही वाढले होते. पण वाढत्या वयाच्या पिल्लाच्या हाडांतूनही ते येते, म्हणून तो पुरावा बाईंनी बाजूला ठेवला. मला हे ऐकून बरे वाटले. पुराव्याची अशी छाननी सगळ्याच न्यायासनांसमोर होते असे नाही. उलट जी गोष्ट मला क्षुल्लक वाटली ती त्यांनी उचलली: युरिया आणि अल्ब्युमिन ही दोन्ही कमी होती. ही दोन्ही यकृतातच तयार होतात. विकरे इजा सांगतात, काम चालले आहे की नाही ते सांगत नाहीत; येथे तर कारखान्याचा मालच कमी निघत होता.

पुढची तपासणी पित्ताम्लांची. रात्रभर उपाशी ठेवून एकदा रक्त घ्यायचे, मग खाऊ घालून दोन तासांनी पुन्हा. जेवणाबरोबर आतड्यांत उतरलेली पित्ताम्ले रक्तावाटे परत येतात आणि निरोगी यकृत ती लगेच टिपून घेते. चिंगीच्या दुसऱ्या नमुन्यात ती रक्तात तशीच फिरत होती. सोनोग्राफीत कारण दिसले. आतड्यांकडून येणारे रक्त यकृतात गाळले जाऊन पुढे जावे, हा नियम. पण चिंगीच्या पोटात जन्मतःच एक जादा शीर होती, आणि ती बरेचसे रक्त यकृताला वळसा घालून थेट मोठ्या शिरेत सोडत होती. गोव्याच्या सीमेवरील माणसाला हे निराळे समजावून सांगावे लागत नाही. जकातनाका चुकवणारी चोरवाट होती ती! त्या वाटेने अमोनियासारखा माल मेंदूपर्यंत पोचत होता, आणि आम्ही त्याला ध्यान म्हणत होतो. अशी शीर लहान जातींच्या कुत्र्यांत अधिक आढळते, हेही तेव्हा कळले.

आपल्या भाषेत काळीज म्हणजे माया, धैर्य, हृदय; खाटकाच्या दुकानात मात्र काळीज म्हणजे यकृतच. या दोन अर्थांची गाठ आमच्या घरात त्या आठवड्यात पडली.

या सर्व प्रकरणात मला एक विचार वारंवार छळत राहिला. केवळ परिस्थितीजन्य पुराव्यावर दोष ठरवायचा असेल, तर साखळीचा प्रत्येक दुवा जुळला पाहिजे. सर्वोच्च न्यायालयाने 1984 साली शरद बिर्धीचंद सारडा खटल्यात या कसोट्यांना ‘पंचशील’ म्हटले. दुवा तुटला की संशयाचा फायदा आरोपीला. हा नियम माझ्या हाडीमांसी मुरलेला आहे. परंतु दवाखान्यात आरोपी असतो रोग, आणि त्याला संशयाचा फायदा दिला तर शिक्षा निरपराध्याला होते. तेथे शंका म्हणजे सुटका नव्हे. शंका म्हणजे पुढची तपासणी.

सध्या चिंगीला लॅक्टुलोजचे औषध चालू आहे. मासळी-मटण बंद, मऊ भात आणि पनीर सुरू. ध्यान जवळजवळ थांबले आहे. मग शस्त्रक्रिया कशाला, असे घरात विचारले जाते. उत्तर सरळ आहे: औषधाने लक्षणे आवरतात, चोरवाट बुजत नाही. त्या शिरेभोवती एक बारीक कडे बसवतात. आतले केसीन ओलाव्याने हळूहळू फुगते आणि काही आठवड्यांत वाट बंद होते. एकदम बंद केली तर यकृताला इतक्या रक्ताचा भार सोसत नाही. धोका आहेच. भूल आहे, सव्वादोन किलोचा जीव आहे, आणि मुलीचा एकच प्रश्न आहे: “बाबा, ती उठेल ना?”

मी तिला ‘नक्की’ म्हणालो नाही. निकालाची हमी मी अशिलाला कधी देत नाही. पण पुरावा काय सांगतो ते वही उघडून तिला समजावले, आणि तिने ते माझ्या अनेक अशिलांपेक्षा शांतपणे ऐकले. शस्त्रक्रिया पुढच्या महिन्यात आहे. संमतिपत्रावर मी सही केली. इतक्या वर्षांत शेकडो वकीलपत्रे घेतली. अशिलाच्या अंगठ्यावाचून घेतलेले हे पहिलेच.