विटांचा गोलपोस्ट

शाहूपुरीच्या कुंभार गल्लीत पावसाळ्यात फुटबॉल खेळायचा म्हणजे कसरतच. दोन्हीकडे ताडपत्रीखाली गणपती वाळत असतात. कुणाचा हात ओला, कुणाची सोंड अजून कच्ची. मधल्या चिंचोळ्या वाटेत दोन विटा इकडं, दोन तिकडं, झाला गोलपोस्ट. खेळणाऱ्या पोरांच्या पाठीवर मेस्सी, रोनाल्डो, नेमार. वर्ल्डकप आला की कोल्हापुरात पेठापेठांत ब्राझील-अर्जेंटिनाची वाटणी होते आणि शेजारी शेजाऱ्याशी महिनाभर जपून बोलतो.

नेव्हिल डिसूझा हे नाव मात्र कुणाच्या पाठीवर दिसत नाही.

मुंबईत जन्मलेला, मूळचा बार्देशातल्या आसगावचा हा सेंटर फॉरवर्ड. 1956च्या मेलबर्न ऑलिंपिकमध्ये हंगेरीनं माघार घेतली आणि प्रशिक्षक रहीमसाहेबांचा भारतीय संघ न खेळताच उपांत्यपूर्व फेरीत पोहोचला. समोर यजमान ऑस्ट्रेलिया. तारीख 1 डिसेंबर. नेव्हिलनं नवव्या मिनिटाला गोल केला, त्यांनी फेडला. 33व्या मिनिटाला पुन्हा केला, त्यांनी पुन्हा फेडला. मध्यंतरानंतर पाच मिनिटांत तिसरा! हा मात्र फिटला नाही. किट्टूनं चौथा घातला, सामना 4-2. ऑलिंपिक फुटबॉलमध्ये हॅटट्रिक करणारा नेव्हिल हा पहिला आशियाई. युगोस्लाव्हियाविरुद्धच्या उपांत्य सामन्यातही पहिला गोल त्याचाच; पुढं भारत 4-1 हरला आणि ब्राँझही बल्गेरियानं नेलं. स्पर्धेत सर्वाधिक चार गोल करणारे तिघे, त्यातला एक नेव्हिल. 1980मध्ये तो गेला, अवघ्या 47व्या वर्षी.

भारतात टीव्ही यायला तेव्हा तीन वर्षं बाकी होती. ते गोल इथल्या लोकांनी वाचले, पाहिले नाहीत. आणि कोल्हापूरचं तर असं, की इथं गोल मारणारा एकटा नसतोच. त्याच्यामागं तालीम असते. पाटाकडील, खंडोबा, दिलबहार... नावं कुस्तीच्या आखाड्यातली, ईर्षा फुटबॉलची. शाहू स्टेडियमवर मारलेला गोल पेठेच्या खात्यावर जमा होतो आणि कट्ट्यावर त्याची उजळणी वर्षानुवर्षं चालते. नेव्हिलला इथं पेठ नव्हती. त्याची उजळणी करणार कोण?

अनिकेत जाधवचं तसं नाही. तो कोल्हापूरचाच. 2017च्या सतरा वर्षांखालील वर्ल्डकपमध्ये तो भारताच्या आघाडीच्या फळीत होता, 2019मध्ये इंग्लंडला ब्लॅकबर्न रोव्हर्सकडे सरावाला जाऊन आला. त्याच्या खात्यात नेव्हिलसारखी हॅटट्रिक नसेना का, ‘आपला अन्या’ म्हणायला शहर तयार आहे.

गल्लीत तोवर भांडण पेटलेलं असतं. विटांना आडवा दांडा नसतो, त्यामुळं उंचावरून गेलेला चेंडू गोल की बाहेर?

“वरनं गेला गा!”

“आरं, डोक्याखालनं गेला!”

मांडवातला कुंभार शाडूनं माखलेला हात वर करतो, छातीशी आणून थांबवतो. चेंडू एवढ्यावरनं गेला म्हणे. दोन्ही बाजू एकदम ओरडतात, “गोल!” आणि “न्हाय!”