चिठ्ठी, फळा, ताम्हन

वरली मटक्यावर धाड पडली की पंचनाम्यात ठरलेल्या तीन-चार वस्तू येतात: आकडे लिहिलेल्या चिठ्ठ्या, डॉट पेन, नगदी रक्कम, मोबाइल. विदर्भातल्या कुठल्याही पोलीस ठाण्याची बातमी बघा. वर्षानुवर्षे हीच यादी. आता यातली चिठ्ठी चालली, पेन चालले, नगदी चालली. मोबाइल तेवढा राहिला.

जुगार सुटला म्हणून या वस्तू गेल्या असत्या तर बरे झाले असते. जुगार तसाच आहे, गेल्या त्या त्याच्या खुणा. त्या खुणांवरून घरच्यांना कळायचे. मटक्याने या भागातले किती संसार धुळीला मिळवले ते ज्याने त्याने आपल्या गल्लीत पाहिलेले आहे, त्यामुळे या वस्तूंसाठी कोणी गळा काढावा असे मला वाटत नाही. पण त्यांची नोंद हवी. काय दिसायचे ते आठवले, तर आता काय दिसत नाही तेही कळेल.

चिठ्ठी. वहीच्या पानाचा फाटका तुकडा, नाहीतर सिगारेटच्या पाकिटातला कागद. त्यावर ओपन, क्लोज, जोडी, पाना आणि पुढे रुपये. धुण्याला टाकण्याआधी बायको शर्टाचा खिसा चाचपायची आणि चिठ्ठी हाताला लागायची. त्या रात्री घरात भांडण व्हायचे. भांडण वाईट, पण ते वेळेवर व्हायचे. पाच रुपयांच्या चिठ्ठीवर झालेले भांडण नवऱ्याला पाच हजारांपर्यंत जाऊ देत नसे. निदान काही घरांत.

फळा. पानठेल्याच्या आतल्या बाजूला खडूने लिहिलेला आकडा. बाहेरच्याला दिसू नये, विचारणाऱ्याला दिसावा, अशा जागी. "काय आला?" एवढेच विचारायचे. कारंज्यात दारव्हा वेशीकडचा माणूस मंगरूळ वेशीकडे येऊन विचारायचा, तरी गाव लहान. कोण विचारतो हे चार जणांना ठाऊक व्हायचे आणि त्या चारांतला एक सासुरवाडीचा निघायचा.

कापसाचा भाव. कारंज्याचा कापूस शकुंतला गाडीने मूर्तिजापूरला जायचा. यवतमाळ, दारव्हा, कारंजा, मूर्तिजापूर. इंग्रजांच्या काळात अरुंद रुळांची ही वाट वऱ्हाडच्या कापसासाठीच टाकली गेली. मूर्तिजापूरला मोठी लाइन लागे आणि गाठी मुंबईकडे निघत. आता गाडीच बंद आहे.

मुंबईच्या कापूस बाजारात न्यूयॉर्कच्या कापसाचे भाव टेलिप्रिंटरवर येत, बाजार उघडतानाचा एक आणि मिटतानाचा एक. त्या भावांच्या आकड्यांवर लोक पैसे लावत. ओपन आणि क्लोज ही नावे तिथली. १९६१ मध्ये न्यूयॉर्कहून ते भाव येणे थांबले, पण लावणारे थांबले नाहीत. १९६२ मध्ये कल्याणजी भगत यांनी वरळीत आपला मटका काढला, १९६४ मध्ये रतन खत्री यांनी न्यू वरळी मटका काढला. भाव गेला, नुसता आकडा उरला. तोच आकडा, ज्या गावांचा कापूस मुंबईला जात होता त्या गावांत पोचला आणि तिथे रुजला.

तो इतका सहज का रुजला? आमच्याकडे शेतीलाच जुगार म्हणायची सवय आहे. पाऊस हाती नाही, बोंडअळी हाती नाही, भाव तर नाहीच नाही. हे ज्याला दर हंगामात भोगावे लागते, त्याला दहातला एक आकडा लावणे परके वाटत नाही. पण ही सवय आता मोडायला हवी, असे मी कळकळीने म्हणतो. पेरणीत माणसाची मेहनत मोजली जाते, वाईट सालीही चार क्विंटल घरी येतात. आकड्यात मेहनत कुठेच नाही. शेतीला जुगार म्हणता म्हणता जुगारही शेतीसारखाच वाटायला लागतो आणि "पुढच्या खेपेला निघेल" हे वाक्य दोन्हीकडे चालते.

मडके. ज्यातून आकड्यांच्या चिठ्ठ्या काढत ते. पुढे त्याची जागा पत्त्यांनी घेतली. मटका हे नाव तेवढे राहिले.

दहावा रुपया. शून्य ते नऊ असे दहा आकडे. लागलेल्या आकड्याला साधारणपणे एकास नऊ. दहाही आकड्यांवर एकेक रुपया लावला तर दहा जातात आणि नऊ येतात. दहावा मटका चालवणाऱ्या खाईवालाचा. हे गणित पानठेल्यावरच्या पोरालाही तोंडपाठ होते. मोबाइलवरच्या खेळात तो दहावा रुपया कुठे कापला जातो ते दिसतच नाही. पडद्यावर बोनस दिसतो, नाणी उडताना दिसतात.

मधली वेळ. ओपन आला की क्लोज यायला काही तास लागत. तेवढ्यात माणूस जेवायचा, गुरांना पाणी दाखवायचा, कोणाशी तरी बोलायचा. राज्याची लॉटरी १९६९ मध्ये सुरू झाली. तिची तिकिटे स्टँडवरच्या टपरीत दोरीला टांगलेली असत आणि निकालासाठी पेपरची वाट पाहावी लागे. एकआकडी लॉटरीने लोक उघडे पडू लागले तेव्हा केंद्राने १९९८ च्या लॉटरी कायद्यात दोन गोष्टी लिहिल्या. एका आकड्यावर बक्षीस द्यायचे नाही, आणि एका लॉटरीची आठवड्यात एकाहून जास्त सोडत काढायची नाही. कायदा करणाऱ्यांना नेमके कळले होते. खेळ जितका भराभर, तितका तो माणसाला धरतो. हरल्यावर पुन्हा लावायला आठवडा थांबावे लागले तर डोके थंड होते. मिनिटभर थांबावे लागले तर होत नाही.

या सगळ्या यादीत ही मधली वेळ एवढी एकच गोष्ट खरोखर परत आणण्याजोगी आहे. खेळणाऱ्याने ती स्वतःच आणायची असते: हरलेल्या दिवशी दुसरा डाव नाही.

पोळ्याचा डाव. बैल मिरवून झाले की गोठ्यात, मळ्यात, समाजमंदिराच्या मागे पत्ते पडत. तीन पत्ती, एक्का बादशाह. दिवाळीतही. कित्येकांसाठी वर्षभराचा जुगार एवढाच. खिशात शंभर घेऊन बसायचे, संपले की उठायचे. सण संपला की पत्त्यांचा कॅट कपाटावर. ज्याला सण संपल्याचे कळत नसे, तो कोण हेही गावाला कळायचे. मर्यादा पाळणारा आणि अडकलेला यांच्यातला फरक इतका उघडा पुढे कधी दिसला नाही.

नाही म्हणणारा माणूस. मटक्याची पट्टी लिहिणारा काही साधुसंत नव्हता. पण त्याला त्याच गल्लीत राहायचे असे. कोणाच्या घरी लग्न आहे, कोणाचा चुकारा अजून आला नाही, हे त्याला माहीत असे. एखाद्याला तो "जा घरी, आज नाही" म्हणायचा, निदान उधारी तरी तोडायचा. आता मागे लागतात ते मोबाइलवरच्या खेळांचे संदेश. दोन दिवस खेळले नाही तर शंभर रुपये फुकट देऊन बोलावतात, आणि संपले तर त्याच फोनवर कर्ज देणारे दुसरे अ‍ॅप असते.

चुकाऱ्याची नगदी. अडत्याकडून पैसे घेऊन माणूस घरी यायचा, हिशेबपट्टी पुढे ठेवायचा, नोटा देवासमोर ठेवायचा. घरातली बाई मोजायची. किती क्विंटल, काय भाव, किती कटले, हे तिला ठाऊक. कमी असले तर वाटेतच विचारणा व्हायची. आता पैसे खात्यात येतात. ही चांगली सोय आहे, वाटेत चोरीची भीती राहिली नाही. पण खाते, खेळ आणि कर्ज हे सगळे एकाच फोनमध्ये, आणि फोनला कुलूप. सोयाबीनचे पैसे आले कधी आणि गेले कधी, ते घराला बियाणे घ्यायच्या वेळी कळते.

ताम्हन. आधी मोठा पितळी गुंड गहाण जायचा, मग ताम्हन, मग डोरले. फळीवर भांड्याच्या बुडाचा गोल डाग उरायचा. सोनाराची गहाणाची पावती धान्याच्या कोठीत सापडायची. ही खूण उशिराची, पण खूण होती.

सातातले पहिले. कारंज्यात दिगंबर जैनांच्या सेनगण, बलात्कारगण आणि काष्ठासंघ या तिन्ही परंपरांची जुनी मंदिरे आहेत. श्रावकाने सोडायच्या सात व्यसनांत पहिले नाव जुगाराचे, मद्याच्याही आधी. इथूनच १९३३ मध्ये हिरालाल जैन यांनी पुष्पदंताचे 'णायकुमारचरिउ' छापून आणले. त्यात राजपुत्र द्यूतगृहात जाऊन दागिने जिंकून आणतो आणि आईला देतो. जिंकणारा मुलगा, आईचे दागिने: हजार वर्षांनंतर जुगाराचे जाहिरातवाले हीच गोष्ट विकतात. सात व्यसनांची यादी मात्र त्यांच्या पडद्यावर येत नाही.

दमयंतीचे डोळे. ती विदर्भाची. वर्धेकाठचे कौंडिण्यपूर हेच तिचे माहेर कुंडिनपूर, असे आपण मानतो. तिचा नवरा नळराजा पुष्कराशी द्यूत खेळायला बसला तेव्हा तिने काय काय टिपले ते महाभारतात नीट आले आहे. दारात मंत्री आणि नगरजन उभे आहेत आणि राजा उठत नाही. ती बोलते तर तो उत्तर देत नाही. हरत जातो तसा आणखी लावतो. तेव्हा रडत बसण्याआधी तिने वार्ष्णेय सारथ्याला बोलावले आणि दोन्ही मुले रथात घालून माहेरी धाडली. नवऱ्याला ती थांबवू शकली नाही. जे वाचवता येण्यासारखे होते ते तिने आधी वाचवले. मला ही बाई फार मोठी वाटते.

आजही जुगाराच्या व्यसनाची लक्षणे तीच आहेत. अमेरिकन मानसोपचारतज्ज्ञांच्या संघटनेच्या २०१३ च्या निदानग्रंथात ती नऊ दिली आहेत. वर्षभरात त्यातली चार दिसली तर तो विकार समजतात. त्यातली काही घरात बसून दिसतात. आधी शंभरात भागत होते, आता हजार लागतात. खेळू नको म्हटले की चिडतो, येरझाऱ्या घालतो. मनावर ताण आला की फोनकडे हात जातो. किती गेले ते खोटे सांगतो. कामावर, अभ्यासावर पाणी सोडतो. स्वतःच दोनदा सोडतो आणि पुन्हा धरतो. आणि सगळ्यात पक्की खूण, "गेलेले काढून घेतो, मग बंद." हे वाक्य ज्या घरात ऐकू आले, तिथे पुढच्या पगाराची वाट पाहू नये.

पैशांचे ऑनलाइन खेळ चालवणाऱ्यांवर आणि त्यांची जाहिरात करणाऱ्यांवर बंदी घालणारा केंद्राचा कायदा ऑगस्ट २०२५ मध्ये झाला. तो हवाच होता. पण चोरून चालणारे मार्ग कायद्याने एका दिवसात बुजत नाहीत. २०२३ मध्ये नागपूरच्या एका व्यापाऱ्याने ऑनलाइन जुगारात ५८ कोटी रुपये गेल्याची तक्रार पोलिसांत दिली. ५८ कोटी जाईपर्यंत खिशात एकही चिठ्ठी नव्हती.

बापाने गुपचूप फेडलेले कर्ज. ही वस्तू मात्र नाहीशी झालेली नाही. पोरगा रडत येतो, बाप एकर विकतो, कोणाला कळू देत नाही, आणि सहा महिन्यांनी पोरगा पुन्हा दारात. दुसऱ्याकडून असे पैसे फेडून घेणे हेही त्या नऊ लक्षणांतलेच एक आहे. लीळाचरित्रात चक्रधरस्वामींची पूर्वायुष्यातली गोष्ट आहे. द्यूतात हरून ते घरी आले, दागिने मागितले, आणि पत्नी कमळाइसेने दिले नाहीत. पुढे घर सोडून ते रिद्धपूरला गोविंदप्रभूंपाशी पोचले. तिच्या नकाराला कोणी निर्दय म्हणू नये.

एकर विकण्याआधी एका कागदावर सगळी देणी लिहून घ्यावी, हातउसने आणि अ‍ॅपचे कर्ज धरून. खेळणाऱ्याचे खाते काही काळ दुसऱ्याने सांभाळावे. १४४१६ हा टेलिमानसचा सरकारी क्रमांक फुकट आहे, दिवसरात्र लागतो, मराठीत बोलता येते, आणि घरच्यांनी केला तरी चालतो. खेळणारा तयार होईपर्यंत त्यांनी थांबायचे कारण नाही.