हरवलेली हातोडी

धातू हुडकणारे यंत्र घेऊन माणसे रविवारभर रानोमाळ का हिंडतात, हे लेकीकडे इंग्लंडला जाईपर्यंत मला उमजले नव्हते. तिचे शेजारी एका पडक्या शेतघराभोवती यंत्र फिरवीत. मालकाची परवानगी घेऊन, बरे का! निघायचे काय, तर बटणे, खिळे, घोड्याचे नाल. पण प्रत्येक चिजेची जागा वहीत टिपलेली.

१९९२ साली सफकमधील हॉक्सन गावी एरिक लॉझ नावाचे गृहस्थ मित्राची हरवलेली हातोडी शोधायला गेले आणि लागली रोमन नाणी! थोडे उकरताच थांबून त्यांनी वर्दी दिली. म्हणूनच पुरातत्त्वज्ञांना ती ठेव जागच्या जागी पाहता आली. नाणी १५,००० वर भरली. हातोडीही सापडली. तीही ब्रिटिश म्युझियममध्ये गेली!

आमचा साताऱ्याकडचा वाडा पाडला तेव्हा मातीतून ओंजळभर शिवराया निघाल्या. दहा रुपयांवरचे गुप्तधन कलेक्टरांना कळवावे, असा १८७८ चा कायदा आहे. पण काकांनी त्या तांबटाला वजनावर दिल्या. माती ट्रकने गेली. शिवराया देवघराखाली होत्या की न्हाणीपाशी, हे विचारायला आता काकाही नाहीत.